नारळी पौर्णिमेची विशेषणं

लहान मुलांना विशेषणं शिकवायची म्हणजे भिंतीवर तक्ता लावायचा आणि ‘उंच-बुटका, गरम-थंड’ एका सुरात म्हणून घ्यायचं. हल्ली त्यात सणांच्या वर्कशीटची भर पडलीय. डिसेंबर आला की बर्फाचा माणूस रंगवा आणि शेजारी ‘पांढराशुभ्र’ लिहा. आता आमच्या दातिवऱ्याला, वैतरणेच्या मुखाशी वाढणारं पोर बर्फ बघतं तो मासळीच्या पेटीतला. तो कसला पांढराशुभ्र, चांगला मळकट असतो! :-)

मला विचाराल तर या कामाला नारळी पौर्णिमेसारखा सण नाही. आदल्या दिवशी वर्गात एक नारळ न्यावा. मुलांना तो हातात घेऊ द्यावा, कानाशी धरून हलवू द्यावा, शेंडी ओढू द्यावी. जड, टणक, खरखरीत, केसाळ. मग फोडावा. गोड पाणी, पांढरंशुभ्र खोबरं. शब्द आधी बोटांना कळतो, मग जिभेवर येतो.

शिवाय व्याकरण फुकटात! ओला नारळ, ओली करवंटी, ओलं खोबरं. ‘टणक’ आणि ‘गोड’ मात्र कुणासाठीच बदलत नाहीत. विकारी-अविकारी असलं काही न सांगता मुलं ते बरोबर पकडतात.

ही काही माझी अक्कल नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ पासून कोसबाडला. ही दोन्ही गावं आज आपल्याच पालघर जिल्ह्यात आहेत. महागड्या मॉण्टेसरी साधनांच्या जागी त्यांनी बिया, शिंपले, पानं, खडे वापरले. मुलं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली.

माझा आग्रह एवढाच, की मूल घरचा शब्द बोललं, मग तो मांगेली असो, वाडवळी असो की वारली, तर तो खोडू नये. फळ्यावर पुस्तकातल्या शब्दाशेजारी तोही लिहावा. मच्छीमाराच्या घरातल्या चिमुरडीला मासा ताजा की शिळा हे सांगायला तक्ता लागत नाही. वर्णनाचे शब्द तिच्याकडे असतातच. पण पहिल्याच शब्दाला ‘चूक’ म्हटलं, की ती बोलायचीच थांबते. आणि एकदा गप्प बसलेलं मूल पुन्हा बोलतं करणं फार अवघड.

असो. नारळ महाग झालाय, मान्य. पण शिकवून झाल्यावर तो खाता तरी येतो. वर्कशीटचं तसं नाही!