एक देश, एक निवडणूक : वसंत साठेंचा जुना वाद पुन्हा का आठवतो?

वर्धा शहराला लागून असलेलं नालवाडी हे पवनारला जाण्याआधी विनोबांचा मुक्काम असलेलं गाव. इथला मतदार वर्धा लोकसभा मतदारसंघात येतो. याच मतदारसंघाने 1980, 1984 आणि 1989 अशा तीन निवडणुकांत एका वकिलाला दिल्लीला पाठवलं. त्यांचं नाव वसंत साठे.

आज ते बहुतेकांना रंगीत टीव्हीमुळे आठवतात. साठे 1980 ते 1982 या काळात माहिती व प्रसारण मंत्री होते. गरीब देशाला हा थाट कशाला, असा सवाल तेव्हा केला जात होता. तरीही 1982 च्या आशियाई स्पर्धांपर्यंत दूरदर्शन रंगीत झालं.

पण त्यांची खरी वकिली दिसली ती दुसऱ्याच एका खटल्यात, आणि त्यातली आरोपी होती आपली संसदीय पद्धत.

साठेंचं म्हणणं काय होतं?

साठे समाजवादी चळवळीतून काँग्रेसमध्ये आले. 1972 मध्ये ते अकोल्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत पोहोचले. सत्ताधारी पक्षात असूनही देशाला अध्यक्षीय पद्धत हवी, असं ते उघडपणे मांडत राहिले. 1989 मध्ये त्यांनी 'टू स्वोर्ड्स इन वन स्कॅबर्ड' हे पुस्तक लिहिलं. सरकारचा प्रमुख थेट लोकांनी निवडावा आणि त्याला ठरावीक मुदत मिळावी, असा या पद्धतीचा गाभा.

मग आजचा प्रस्ताव तोच आहे का?

नाही. इथे गल्लत होते. डिसेंबर 2024 मध्ये लोकसभेत मांडलेलं 129 वं घटनादुरुस्ती विधेयक सरकार निवडण्याची पद्धत बदलत नाही. पंतप्रधान लोकसभेलाच उत्तरदायी राहतो आणि अविश्वास ठरावही राहतो. बदलते ती मुदत. समजा, लोकसभा तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस बरखास्त झाली, तर नव्या लोकसभेला पाच नाही, उरलेली दोनच वर्षं मिळतील. विधानसभांनाही हाच नियम लागू होईल. विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेलं. ते मंजूर व्हायला दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं.

म्हणजे साठेंना हवी होती सरकारची स्थिरता, तर या विधेयकाला हवं आहे निवडणुकांचं एकच वेळापत्रक. उलट दोन वर्षांपुरतं निवडलेलं सरकार किती स्थिर असेल, हा प्रश्न साठेंनीच पहिल्यांदा विचारला असता, असं मला वाटतं.

वर्ध्याचा निकाल

1991 च्या निवडणुकीत काँग्रेसने महाराष्ट्रात 48 पैकी 38 जागा जिंकल्या. पण वर्ध्यात मात्र केंद्रात मंत्री राहिलेले साठे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांच्याकडून हरले. राज्यभर वारा पक्षाच्या बाजूने असताना मतदारांनी आपल्या खासदाराचा हिशेब वेगळा केला.

एकाच दिवशी दिल्ली आणि मुंबई दोन्हींसाठी मतदान झालं, तर असा वेगळा हिशेब टिकेल का? मतदार दोन मतपत्रिकांत फरक करू शकतो, असं समर्थक म्हणतात. राष्ट्रीय लाटेत स्थानिक प्रश्न वाहून जातील, ही विरोधकांची भीती.

साठे पुढे वेगळ्या विदर्भाच्या मागणीकडे वळले. 2003 मध्ये त्यांनी आणि एन. के. पी. साळवे यांनी काँग्रेस सोडून विदर्भ राज्य पक्ष काढला. 2011 मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा अध्यक्षीय पद्धत आणि वेगळा विदर्भ या दोन्ही मागण्या कागदावरच होत्या.