‘फक्त बिडी’ म्हणणे आता थांबवा!

आपल्या बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिक घडतात, पण गोंदिया जिल्ह्यातला एक जुना समज काही जागचा हलत नाही. व्यसन विचारले की उत्तर येते, “सिगारेट नाही जी डॉक्टरसाहेब, फक्त बिडी.”

माझा आक्षेप या ‘फक्त’वर आहे. तेंदूपत्ता जंगलातला, म्हणून बिडी सौम्य, हे साफ खोटे आहे. बिडीत तंबाखू कमी असतो, हे खरे. पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, बिडी सारखी विझते. म्हणून जोरात आणि वारंवार झुरके घ्यावे लागतात. परिणामी टार, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकेच, अनेकदा जास्तच, आत जातात. फुप्फुसाच्या कर्करोगाचे सर्वात मोठे कारण तंबाखूचा धूर आहे. तो पानातून आला की कागदातून, फुप्फुसाला फरक पडत नाही.

आणि धोरण काय? 2025 मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटवर 40 टक्के कर ठरवला, बिडीवरचा मात्र 28 वरून 18 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. बिडी कामगारांचे पोट हे कारण पुढे केले जाते. मग त्यांची मजुरी वाढवा, दुसरे काम द्या. बिडी स्वस्त करून कोणाचे भले होणार?

दुसरा घातक शब्द म्हणजे ‘बिडीचा खोकला’. या नावाखाली महिने वाया जातात. पुढीलपैकी काहीही असेल तर तपासणी करा:

• तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, किंवा जुन्या खोकल्यात बदल
• थुंकीतून रक्त
• दम लागणे, छातीत दुखणे
• आवाज बसणे
• कारण नसताना वजन घटणे

ही लक्षणे टीबीचीही असतात. म्हणून थुंकी तपासा, एक्स-रे काढा. पण नुसत्या एक्स-रेवर टीबीचे औषध सुरू असेल आणि आराम नसेल, तर सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास बायोप्सी करायलाच हवी. लवकर सापडलेली गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. पुढच्या टप्प्यात केमोथेरपी, रेडिएशन, काही रुग्णांना गोळ्या किंवा इम्युनोथेरपी असते. पण तेव्हा पूर्ण बरे होण्याची शक्यता खूप कमी झालेली असते.

बिडी सोडायला मदत हवी असल्यास 1800-11-2356 हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे. कितीही वर्षे ओढली असली, तरी सोडल्यावर धोका कमी होतोच. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगताना ‘फक्त’ हा शब्द गाळा आणि रोजच्या बिड्यांचा खरा आकडा सांगा.