स्टेटस चोवीस तासांत पुसलं जातं, केस वर्षानुवर्षं चालते

गंगाखेडच्या एका वस्तीतला पोरगा परवा भेटला. जयंतीच्या मिरवणुकीत झालेल्या वादाचा व्हिडिओ त्यानेच काढला होता. मी म्हटलं, दाखव. म्हणाला, "ताई, स्टेटसला ठेवला होता की!" स्टेटस चोवीस तासांत गेलं. पुढे मोबाईल पडला, दुरुस्तीला दिला, तो कोरा होऊन परत आला. समोरची बाजू आता म्हणते, असं काही घडलंच नाही. आपल्याकडे उत्तर काय? "ताई, होता हो व्हिडिओ."

मित्रांनो, हे परभणी जिल्ह्यातल्या पोरांना मी सांगावं लागतं, याचंच दुःख आहे. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधान प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेला बंद झाला, मग धरपकड. १५ डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अंगावरच्या अनेक जखमांची नोंद होती. आई विजयाबाई लढल्या, तेव्हा कुठे जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

यातून शिकायचं काय? सीसीटीव्ही त्यांचा असतो. काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे तेच सांगतात. आपल्या हातात आपला मोबाईल आहे. १९९७ साली रमाबाई नगरात गोळीबारात आपली दहा माणसं गेली, तेव्हा वस्तीच्या खिशात कॅमेरा नव्हता. आज तो प्रत्येक घरात आहे, आणि आपण त्यातला पुरावा "स्टोरेज फुल" आलं की स्वतःच्या बोटाने डिलीट करतो!

"आमच्याकडे कॉम्प्युटर कुठंय?" हे कारण आता चालणार नाही. कॉम्प्युटर लागतच नाही.

थेट मोबाईलला लागणारा टाईप-सी पेन ड्राईव्ह मिळतो. पिन वेगळी असेल तर ओटीजी जोडणी घ्या. मोबाईलमधल्या फाईल्समध्ये जा, कॅमेऱ्याचं फोल्डर निवडा आणि कॉपी करा. "मूव्ह" करू नका, मूळ जागेवरच राहू द्या. पेन ड्राईव्हवरून एक-दोन व्हिडिओ चालवून बघा, मगच काढा. असे दोन करा आणि दुसरा वेगळ्या घरात ठेवा. मोबाईलच्याच आत बसवलेलं मेमरी कार्ड म्हणजे बॅकअप नव्हे. मोबाईल गेला की तेही गेलं.

गुगल फोटोजमध्ये १५ जीबी जागा फुकट आहे, पण ती जीमेल आणि ड्राईव्हसोबत वाटून मिळते. बॅकअप "ओरिजिनल क्वालिटी"वर ठेवा. लक्षात घ्या, त्या ॲपमध्ये डिलीट केलं की बॅकअपमधूनही जातं.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो. मूळ फाईल तीच राहत नाही. पाठवायचाच असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा.

मूळ फाईलचा एवढा आग्रह कशासाठी? शेजारच्या जालन्याच्या निवडणुकीचा खटला आठवा. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. वाद होता निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल दिली तर प्रमाणपत्र हवंच, मात्र मूळ उपकरण मालकानेच साक्षीत हजर केलं तर ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश, म्हणजे जणू तिच्या अंगठ्याचा ठसा, द्यावी लागते. एक अक्षर बदललं तरी हॅश बदलते. म्हणून व्हिडिओ कापू नका, गाणं लावू नका, वर नाव टाकू नका. आणि ज्या मोबाईलवर काढला तो केस संपेपर्यंत एक्सचेंजमध्ये देऊ नका.

आता चळवळीच्या मंडळींना थेट विचारते. जयंतीच्या डीजेला हजारो रुपये निघतात, मग मंडळाच्या नावाने दोन पेन ड्राईव्ह का निघत नाहीत? प्रत्येक वस्तीत एकाने नोंदवही ठेवावी: तारीख, ठिकाण, कोणी काढलं, कोणत्या मोबाईलवर. आपले ऊसतोड कामगार सहा-सहा महिने कोयत्यावर जातात. त्यांचे व्हिडिओ जाण्याआधी उतरवून घ्या. आणि पीडित बाई-लेकरांचे चेहरे ग्रुपवर फिरवू नका. पुरावा वकिलाला द्यायचा असतो, तमाशाला नाही.

बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला सरकारी खंड १९७९ साली आला, महापरिनिर्वाणानंतर २३ वर्षांनी. तोवर कुणीतरी ते कागद जपले होते, म्हणून आज आपण वाचतो. आपल्याला तर फक्त एक पेन ड्राईव्ह जपायचा आहे.

आज रात्री झोपण्याआधी एक कॉपी करा. जयभीम!