डायलिसिसवाल्याचं निस्तं नको, खारं बंद करा



घरात कोणाला डायलिसिस लागलं की आपल्याकडे आधी त्या माणसाचं निस्तं बंद होतं. 'पथ्य आहे' म्हणून पेज आणि लोणचं पुढ्यात येतं. संस्थेत बऱ्याच घरांतून आम्ही हेच ऐकतो. आमचं स्पष्ट मत आहे, हे पथ्य उलटं आहे.

किडनी कमजोर झाली पण डायलिसिस लागलेलं नाही, तेव्हा डॉक्टर प्रोटीन कमी करायला सांगतात. ते त्या वेळी बरोबर. डायलिसिस सुरू झालं की हिशेब बदलतो. आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास मशीन रक्त साफ करते आणि घाणीबरोबर अंगातलं थोडं सत्त्वही वाहून जातं. म्हणून वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं. ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. १०० ग्रॅम ताज्या मासळीत साधारण २० ग्रॅम मिळतं. नुसत्या पेजेवर ठेवलेला माणूस वाळत जातो, त्याची ताकद जाते, आजार लवकर धरतात.

बंद करायचं ते खारं. सुके बांगडे, सुकी सुंगटं, लोणचं, पापड. मिठाने तहान लागते, माणूस पाणी पितो, लघवी होत नाही. ते पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, रात्री धाप लागते. सुकं भिजत घातलं तरी सगळं मीठ जात नाही. 'कमी सोडियमचं' मीठ तर आणूच नका, त्यात पोटॅशियम असतं. शहाळ्यातही ते भरपूर असतं. अंगात पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. काट्यासकट खायची बारीक मासळी कमी द्या, तिच्यात फॉस्फरस जास्त. मांसाची फोड द्या, कमी मिठाची.

खरी अडचण जून-जुलैच्या ६१ दिवसांच्या बंदीत येते. ताजं महाग होतं आणि घरोघर पुरुमेंताचं सुकं निघतं. त्या दिवसांत आजाऱ्यासाठी खाडीची, नदीची मासळी बघा. नाही मिळाली तर अंड्याचा पांढरा भाग द्या.

होडीमालकांना आमची विनंती आहे. खलाशाला आपण निस्त्याचा वाटा देतो. तसाच गावात डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या घरी मूठभर ताजी मासळी पोचवा. बंदीच्या महिन्यांत तर नक्कीच. मालकाला त्याचा भार होणार नाही. आठवड्याला हॉस्पिटलच्या फेऱ्या मारणाऱ्या आणि मजुरी बुडालेल्या घराला मात्र मोठा आधार होईल.

किती खायचं आणि पाणी किती प्यायचं, हे प्रत्येकाच्या रक्ताच्या रिपोर्टवर ठरतं. डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारा. विचारताना आपण सुकं खातो हेही सांगा, लपवू नका.

आपला,
सचिव