थ्री नॉट थ्री की ३१५? काडतूस हरणाकडे पाहून ठरले नव्हते! #थ्रेड

१/ शिकारी आजोबांचे जुने छायाचित्र कोणी टाकले की त्याखाली एक वाक्य हमखास येते : "हरणाला थ्री नॉट थ्रीच हवी, स्वतंत्र भारताच्या सरकारने ती काढून घेतली आणि नेभळट ३१५ माथी मारली." या वाक्यातला एकही दावा टिकत नाही.

२/ आधी आकडे. ०.३०३ आणि ०.३१५ ही इंचांतली मापे आहेत, ताकदीची नव्हेत. थ्री नॉट थ्रीची (मार्क ७) गोळी ११.३ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर. ३१५ ची गोळी जवळपास १६ ग्रॅमची, वेग सुमारे ६०० मीटर. एक हलकी व वेगवान, दुसरी जड व संथ. ऊर्जेत फारसा फरक नाही. मग नेभळट कोण?

३/ हरणाच्या बाबतीत निर्णायक असते ती गोळीची घडण. धातूचे पूर्ण कवच असलेली लष्करी गोळी आरपार जाते आणि जखमी जनावर दूरवर पळून तडफडत मरते. शिकारीला मऊ टोकाची, आत पसरणारी गोळी लागते. कलकत्त्याजवळ डमडम येथे बनलेली गोळी याच जातीची. १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्यांना युद्धात मनाई केली.

४/ मग ३१५ आली कुठून? हे मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे काडतूस! १८५७ न विसरलेल्या सत्तेने १८७८ च्या शस्त्र कायद्याने प्रजेला निःशस्त्र केले. पुढे खासगी परवानाधारकांना लष्करी मापाची थ्री नॉट थ्रीही नाकारली. छावणीतून चोरलेले काडतूस खासगी बंदुकीत बसताच कामा नये, हा हेतू.

५/ सत्तेची ही भीती निराधार नव्हती, हे नाशिककरांना सांगायला नको. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर रोखलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून चोरून आणलेले होते.

६/ स्वतंत्र भारताचा दोष आहे, पण वेगळा. त्याने बंदी घातली नाही. परक्यांची बंदी जपली. १९५९ च्या शस्त्र कायद्यानंतरही थ्री नॉट थ्री निषिद्धच राहिली आणि खडकीच्या कारखान्यात ३१५ ची काडतुसे बनत राहिली. जाब विचारायचा तर याचा विचारा.

७/ हरणाचे म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर काळविटाची शिकार हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. येवल्याकडे ममदापूरच्या माळावर जाताना दुर्बीण न्यावी.

८/ आणि नेमच धरायचा असेल, तर ०.२२ चे काडतूस पुरते. गोळी अवघी २.६ ग्रॅमची, अंतर ५० मीटर, दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे. नाशिकमध्ये नेमबाजीचे धडे गिरवलेल्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिसला २०२४ मध्ये याच प्रकारात कांस्यपदक मिळवले.

९/ आजोबांचे छायाचित्र जरूर जपा. त्याखालचा इतिहास तेवढा दुरुस्त करा.