कार्डं वाटली, पुढे काय?

तर मंडळी, आज जरा भांडायचंय. विषय: पुण्यातले 'सोशल मीडिया प्रोफेशनल्स'चे नेटवर्किंग क्लब. महिन्यातून एकदा कॅफेत जमायचं, तीस सेकंदांत आपली ओळख करून द्यायची, क्यूआर कोड स्कॅन करायचे, ग्रुप फोटो काढायचा आणि रात्री 'अमेझिंग एनर्जी!' म्हणून लिंक्डइनवर टाकायचा. अशा तीन-चार बैठकांना मी मित्रांबरोबर गेलोय. नमस्कार-चमत्कार पुष्कळ, कामाचं बोलणं जवळजवळ शून्य.

या मंडळींचं ब्रह्मवाक्य म्हणजे 'वीक टाइज'. त्याचं मूळ मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या १९७३ सालच्या निबंधात आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, की खबर देणारा माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार: १६.७ टक्के. अधूनमधून: ५५.६. क्वचित: २७.८. म्हणजे रोजच्या दोस्तांपेक्षा लांबच्या ओळखी जास्त कामाला आल्या. झालं! क्लबवाल्यांनी निष्कर्ष काढला, की जितकी कार्डं जास्त तितकं भलं.

अहो, पण निबंध पुढे वाचा की! हे लांबचे लोक बहुधा जुने सहकारी, कॉलेजातले जुने मित्र असे होते. कधीकाळी एकत्र वावरलेले. नातं पातळ झालं होतं, पण मुळात होतं. तीस सेकंद भेटलेला माणूस तुमची शिफारस कशाच्या जोरावर करणार? कार्डावरच्या फॉन्टच्या?

आणि ही कल्पना मुळात अशी नव्हतीच. क्रिस ह्यूअर आणि क्रिस्टी वेल्स यांनी २००६ साली सॅन फ्रान्सिस्को भागात 'सोशल मीडिया क्लब' सुरू केला, त्याचं ब्रीदच होतं, की तुम्हाला कळलं असेल तर ते वाटा. ज्ञान वाटा. कार्डं नव्हे.

वाटण्यासारखं काय आहे? उदाहरणार्थ पैसे. फ्रीलान्सर पोरं चार-चार महिने बिलामागे फिरतात. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार, 'उद्यम' नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज! एकट्याने सेवा देणाऱ्यालाही ही नोंदणी करता येते. मी गेलो त्या एकाही बैठकीत हा विषय निघाला नाही. निघणार कसा? कॉफीचं बिल एजन्सी भरते आणि पैसे थकवणारा क्लायंट शेजारच्याच खुर्चीत बसलेला असतो. त्याच्यासमोर सगळे 'एक्सायटेड' असतात!

तुम्ही म्हणाल, नवख्यांनी ओळखी करायच्या तरी कुठे? रास्त प्रश्न आहे. पण ओळख कामातून होते. दोघादोघांच्या जोड्या करा, एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं पेज सुधारून द्या. कोणाला लिहिता येतं, कोण आकडे वाचतं आणि कोण नुसतंच बोलतं, ते दोन तासांत कळेल. फसलेली कॅम्पेन आकड्यांसकट मांडा. आपले दर एकमेकांना सांगा. कॉफी स्वतःच्या पैशाने प्या, म्हणजे तोंड मोकळं राहील.

हे जमत नसेल तर क्लब म्हणू नका. हळदीकुंकू म्हणा. तिथे निदान वाण तरी मिळतं.