दीर्घ श्वसन आणि रक्तदाब

श्वास घेण्यास मनुष्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु तो सावकाश घेणें ही एक विद्या आहे. रक्तदाबाच्या विकारांत तिचा उपयोग किती व कोठपर्यंत, इकडे आमच्या विद्यार्थिमित्रांचें व त्यांच्या पालकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें.

शिवनेरीच्या पायऱ्या चढतांना श्वास जलद होतो व छाती धडधडते. वर स्वस्थ बसलें म्हणजे दोन्ही मंदावतात. श्वास व हृदय यांचें नातें असें सर्वांच्या अनुभवाचें आहे. मानेंतील व हृदयाजवळील मोठ्या रोहिण्यांत रक्ताचा दाब जोखणारे ज्ञानतंतू असतात. मिनिटास १२ ते १८ ऐवजीं सुमारें ६ श्वास घेतले, तर त्यांचें कार्य अधिक तत्परतेनें चालतें व दाब कांहींसा उतरतो.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास आपल्याच जिल्ह्यांत झाला, ही अभिमानाची गोष्ट होय. स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून प्राणायामाची परीक्षा प्रयोगशाळेंत आरंभिली. पुढें २००१ सालीं इटलींतील संशोधकांनीं २३ निरोगी माणसांकडून लॅटिन भाषेंतील मरियेची प्रार्थना व एक बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोहोंनींही श्वास मिनिटास सुमारें सहावर आला. प्रार्थना निरनिराळ्या, परंतु देहाचा नियम एकच!

मात्र येथेंच सावध राहिलें पाहिजे. आहुपे किंवा नाणेघाटाकडील वाडीहून मंचरास वा जुन्नरास औषधासाठीं जाणें म्हणजे दिवसाची मजुरी बुडणें. श्वासास तर पैसा पडत नाहीं! मग गोळ्या सोडून केवळ श्वसनावर विसंबण्याचा मोह व्हावा, यांत नवल नाहीं. पण श्वसनानें उतरणारा दाब बेताचाच असतो. तें औषधाचें साहाय्यक आहे, औषधाच्या जागीं बसणारें नव्हे. हा विकार बहुधा मुका असतो. बरें वाटतें म्हणून गोळी सोडावी, आणि एके दिवशीं अर्धांगवायूनें गांठावें! जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं सांगितलें कीं, रक्तदाब वाढलेल्या प्रौढांपैकीं जवळजवळ निम्म्यांस त्याची जाणीवच नसते. यास्तव प्रथम दाब मोजून घ्यावा. तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, व त्यांस विचारल्यावांचून गोळी बंद करूं नये.

त्याच्या जोडीस रोज दहा मिनिटें ताठ बसून, चार अंक मोजेपर्यंत नाकानें श्वास आंत घ्यावा व सहा अंक मोजेपर्यंत बाहेर सोडावा. श्वास कोंडूं नये. भस्त्रिकेसारखे जोराचे प्रकार टाळावे. लोणचें, पापड व वरचें मीठ यांसही आळा घालावा.

विद्यार्थ्यांनीं हें काम आपलें मानावें. सायंकाळीं आजोबा-आजींजवळ बसून अंक मोजावे, आणि उठण्यापूर्वीं नम्रपणें विचारावें, "आजची गोळी घेतलीत ना?" दहा मिनिटांच्या श्वसनाइतकेंच मोल या एका प्रश्नास आहे, असें आमचें मत आहे.